पालक मेळाव्यात पालक कुठे असतो?

पालक मेळाव्याची एक ठरलेली संहिता असते. आधी दीपप्रज्वलन, ईशस्तवन, मग शाल-श्रीफळ. मुख्याध्यापक प्रास्ताविकात शाळेचा निकाल सांगतात. त्यानंतर बाहेरून, शक्यतो पुण्या-मुंबईहून आलेले समुपदेशक बोलायला उभे राहतात. मागच्या बॅनरवर विषय लिहिलेला असतो : 'तणावमुक्त पालकत्व'. पुढच्या दीड तासात चार विनोद, तीन गोष्टी, डोळ्यांत पाणी आणणारा एक प्रसंग आणि शेवटी सूचनांची यादी. मुलांची तुलना करू नका. ओरडू नका. मोबाईल बाजूला ठेवा. रोज निदान वीस मिनिटं फक्त मुलासाठी द्या. आणि मुख्य म्हणजे, स्वतः शांत राहा. मग आभार, चहा आणि बटाटवडा.

गेल्या तीन वर्षांत कणकवलीत आणि आसपासच्या गावांत मी असे पाच-सहा मेळावे पाहिले. मला मूल नाही, लग्नही झालेलं नाही. पण मी घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि छोट्या गावात त्याचा अर्थ 'प्रोजेक्टर लावून देणारा मुलगा' असा होतो. वक्त्याचा लॅपटॉप जोडायचा, आवाज येतो का बघायचं, स्लाइड पुढे ढकलायच्या. या कामाचा एक फायदा आहे. मी स्टेजच्या कडेला, श्रोत्यांकडे तोंड करून बसलेला असतो. दीड तास मला फक्त पालकांचे चेहरे दिसतात.

कणकवलीत नाटकावर बोलणारी माणसं भरपूर आहेत. आचरेकर प्रतिष्ठानच्या नाट्यमहोत्सवांमुळे नाटक बघायचं आणि मग त्यातलं काय जमलं, काय फसलं यावर वाद घालायचा, ही सवय इथे जुनी आहे. पालक मेळावा हासुद्धा एक प्रयोगच असतो. त्याला संहिता असते, नट असतो, प्रेक्षक असतात. फक्त त्याची समीक्षा कुणी करत नाही, कारण हेतू चांगला असतो. इथे मी तेच करणार आहे. मेळाव्याबरोबर त्याचे जवळचे नातेवाईकही तपासायचे आहेत : शाळा आणि आईबाप यांच्यावरचे आपले सिनेमे, पालकत्वाची पुस्तकं, मोबाईलवरची रील्स.

माझं म्हणणं थोडक्यात असं : पालकांचा ताण कमी करण्यासाठी म्हणून आपण जे करतो, त्यातल्या बहुतेकांत पालक हा माणूस म्हणून हजरच नसतो. तो मुलापर्यंत पोचायची वाट असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तज्ज्ञ आणि मूल यांच्यामधला एपीआय. त्याच्याकडून योग्य प्रतिसाद यावा एवढीच अपेक्षा. तो स्वतः कशाने दमलाय, हे विचारायची जागा संहितेतच नाही.

एडिसनच्या आईचं काय झालं?

डोळ्यांत पाणी आणणारा जो प्रसंग असतो, तो बहुतेक वेळा एडिसनच्या आईचा असतो. तुम्हीही व्हॉट्सॲपवर वाचला असेल. छोटा एडिसन शाळेतून चिठ्ठी घेऊन घरी येतो. आई ती मोठ्याने वाचते : 'तुमचा मुलगा असामान्य बुद्धीचा आहे, आमची शाळा त्याला पुरी पडत नाही, त्याला घरीच शिकवा.' पुढे आई गेल्यावर एडिसनला ती चिठ्ठी सापडते. त्यात खरं तर लिहिलेलं असतं की मुलगा मंदबुद्धी आहे, त्याला शाळेत पाठवू नका. सभागृह गलबलतं. वक्ता पाच सेकंद थांबतो. मी पुढची स्लाइड लावतो.

अशी चिठ्ठी होती याला कुठलाही पुरावा नाही. मास्तरांनी आपल्याला डोक्याने गोंधळलेला म्हटलं, आई त्यावर चिडली आणि तिने आपल्याला शाळेतून काढून घरी शिकवलं, एवढं एडिसनने स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे खऱ्या प्रसंगात मुलाला सगळं ठाऊक होतं आणि आई उघडपणे चिडली होती. गोष्टीतली आई मात्र चिडत नाही. ती तो अपमान एकटीने गिळते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही आणि आयुष्यभर गुपित सांभाळते. मूळ प्रसंगावर एवढाच बदल केलेला आहे, आणि तो फार बोलका आहे.

आता ही गोष्ट समोर बसलेल्या बाईच्या बाजूने ऐकून बघा. तुमच्या मुलाबद्दल शाळेने काहीतरी वाईट कळवलंय. चांगली आई ते मुलाला कळू देत नाही, कुणाशी बोलत नाही, खंबीर राहते, आणि मूल जगप्रसिद्ध होतं. त्या रात्री एडिसनच्या आईला झोप लागली का? तिने नवऱ्याला सांगितलं का? तिच्या बाजूने कोण होतं? गोष्टीला त्यात रस नाही. नॅन्सी एडिसन 1871 मध्ये वारली, तेव्हा मुलगा 24 वर्षांचा होता. फोनोग्राफ 1877 चा, दिवा 1879 चा. आपण निभावलं ते बरोबर होतं की चूक, याचं जगाने दिलेलं उत्तर तिला कधी मिळालंच नाही. सभागृहातल्या प्रत्येक आईची स्थिती नेमकी हीच असते. निकाल लागायला वीस वर्षं आहेत आणि उद्या सकाळी डबा द्यायचा आहे.

ताण कमी करण्याच्या कार्यक्रमात सांगितली जाणारी सर्वांत लोकप्रिय गोष्ट ताण गिळून टाकायला शिकवते, याचं मला आश्चर्य वाटतं.

99 टक्के पास, आणि मग?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे असलेलं कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात गेली अनेक वर्षं राज्यात पहिलं येतं. 2024 ला राज्याचा निकाल 95.81 टक्के होता, कोकणाचा 99.01. 2025 ला राज्याचा 94.10, कोकणाचा 98.82. पेपरात दरवर्षी तेच मथळे येतात. बाहेरून आलेल्या वक्त्याला वाटतं, इथल्या पालकांना नापास व्हायची भीती कसली? मग तो शहरातून आणलेलं भाषण करतो : टक्क्यांच्या मागे लागू नका, अपयश पचवायला शिकवा.

इथला ताण वेगळा आहे. आमच्या शेजारच्या काकींनी तो एकदा अंगणात कपडे वाळत घालताना सांगितला. मुलगा दहावीला होता. त्या म्हणाल्या, "पास झालो तर जातलो, नाय झालो तर ऱ्हवतलो. देवाकडे मागूचा तरी काय?"

पालकत्वावर मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य नाही. दहावीनंतर इथला हुशार मुलगा फोंडाघाट चढून कोल्हापूरला जातो, नाहीतर कणकवली स्टेशनवरून पुण्या-मुंबईची गाडी पकडतो. कोणी लातूरला जातं, कोणी थेट कोट्याला. सोळाव्या वर्षी हॉस्टेल. पुढे इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग तिकडेच घर. आधीच्या पिढ्यांतले बाप गिरणीत गेले आणि चाकरमानी झाले, तरी बायकामुलं गावात होती. आता मुलं जातात आणि घरात दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं उरतात. म्हणजे अभ्यासाला बस म्हणून ओरडणारी आई एका अर्थाने मुलाला घरातून घालवायचीच तयारी करत असते, आणि हे तिला माहीत असतं. मुलगा रात्री जागून अभ्यास करतो तेव्हा तिला बरं वाटतं आणि पोटात खड्डाही पडतो.

त्यात अनेक घरांत बाप अजूनही मुंबईत आहे. तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. फोनवर विचारतो, "अभ्यास करता मां?" एकटी आई, सासू-सासरे, शेतीची कामं, बचत गटाचा हप्ता आणि दहावीतलं मूल. तिला 'रोज वीस मिनिटं फक्त मुलासाठी द्या' असं सांगायचं म्हणजे तिच्या यादीत एकविसावं काम लिहायचं. मेळाव्यात मी हे वाक्य येतं तेव्हा मुद्दाम चेहरे बघतो. काही बायका मान डोलावतात. काही पर्सची चेन उघडझाप करतात.

पडद्यावरचे आईबाप

हा दोष एकट्या मेळाव्यांचा नाही. आपल्या सिनेमांनीही पालकांना बहुतेकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. 'तारे ज़मीन पर' (2007) ने लाखो घरांना डिस्लेक्सिया हा शब्द दिला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यात मुलाला समजून घेणारा शिक्षक असतो आणि न समजणारा बाप असतो. चित्रकलेचे मास्तर घरी येऊन बापाला सुनावतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या बापाला आपल्या मुलाची भीती वाटत होती, आणि ती भीती कुणी तरी आधी ऐकली असती तर मूल बोर्डिंगात गेलं असतं का, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही.

महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' (2010) मला जास्त जवळचा, कारण त्याची शिवीच आमच्या बोलीतली आहे. भरत जाधवने केलेला बाप क्रिकेटवेड्या मुलाला अभ्यासासाठी मारतो, आणि तो मार जीवावर बेततो. सिनेमाचा पूर्वार्ध मराठीतल्या सर्वांत खऱ्या पूर्वार्धांपैकी एक आहे. कर्ज, ऑफिस, शेजाऱ्यांचे टोमणे आणि मुलाचे गुण एकाच माणसाच्या डोक्यात कसे एकावर एक चढत जातात, हे त्यात दिसतं. हात उगारला जातो तो क्षण आकाशातून पडत नाही. पण त्यानंतर सिनेमाला त्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही. तो व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो, थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत जातो. व्यक्तीचा ताण राज्याच्या धोरणात विरघळून जातो. धोरण बदलायलाच हवं, पण 'मी माझ्या मुलाला मारलं' हे त्या बापाने कुणापाशी बोलायचं? त्यासाठी मुख्यमंत्री उपयोगाचे नाहीत. समोर दुसरा बाप लागतो, ज्याचा हात असाच उठलाय किंवा उठता उठता थांबलाय.

अविनाश अरुणचा 'किल्ला' या यादीत एकटा वेगळा आहे. बापाच्या मृत्यूनंतर आईची कोकणात बदली होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून तिच्याबरोबर येतो. बर्लिन महोत्सवात 2014 मध्ये मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, आणि सगळे त्याकडे बालपणाचा सिनेमा म्हणून बघतात. पुन्हा बघाल तेव्हा अमृता सुभाषच्या आईकडे बघा. नवरा गेलेला, ऑफिस परकं, गाव परकं, मुलगा गप्प. चिन्मयला मित्र भांडून, सोडून जाऊन, परत येऊन का होईना, पण मिळतात. समुद्र मिळतो, सायकल मिळते. आईला काय मिळतं? पुढच्या बदलीचा कागद. सिनेमा तिच्यावर एकदाही आरोप करत नाही, तिला सूचनाही देत नाही. कॅमेरा नुसता तिच्याजवळ थांबतो. पालकांच्या ताणावर मराठीत झालेलं सर्वांत चांगलं काम मला हे वाटतं, आणि त्यात एकही समुपदेशक नाही.

'च' काढायचा कुणी?

आता पुस्तकं आणि संस्था. इथे सरसकट नाकं मुरडणं अन्यायाचं होईल. गिजुभाई बधेका 1939 मध्ये गेले. त्याआधीच त्यांनी गुजरातीत आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं, ज्याच्या नावाचा अर्थ होतो 'आईबाप होणं कठीण आहे'. ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर केलेलं काम मराठीत आणलं. पुण्यात 1987 पासून 'पालकनीती' हे मासिक निघतं. संजीवनी कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकत्व हा विचार करण्याचा विषय आहे, नुसता संस्कारांचा नाही, हे मराठी मध्यमवर्गाला शिकवलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच सुरू केली. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना पटवण्यात या संस्थेचा आणि तिच्या 'वेध' परिषदांचा मोठा वाटा आहे.

याच परंपरेतून मराठीत एक उपयोगी हत्यार आलं : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. तिचा गाभा सोपा आहे. घटना आपल्याला थेट त्रास देत नाही. घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते. 'मुलाला चांगले गुण मिळावेत' ही इच्छा झाली. 'मिळालेच पाहिजेत' हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, हट्ट पुरा झाला नाही तर माणूस कोसळतो. मराठीची सोय अशी की हा सगळा फरक आपल्याकडे एका 'च'मध्ये मावतो.

मला ही पद्धत आवडते. ती डीबगिंगसारखी आहे : एरर जिथे दिसतो तिथेच चूक नसते, मधली ओळ तपासा. पण मेळाव्याच्या व्याख्यानात तिचं जे होतं ते पाहवत नाही. एलिसच्या पद्धतीत समोरासमोर बसून, प्रश्न विचारत, माणसाला स्वतःची समजूत स्वतः तपासायला लावायचं असतं. शिवाय रास्त काळजी आणि अतिरेकी चिंता यांत तो फरक करतो. काळजी काढून टाका असं तो म्हणत नाही. व्याख्यानात वेळ नसतो, म्हणून उरतं एवढंच : 'ताण परिस्थितीत नसतो, तुमच्या विचारांत असतो.' हे वाक्य काकींना सांगून बघा. हॉस्टेलची फी, क्लासची फी, नवऱ्याची नोकरी आणि रिकामं होणारं घर यातलं काहीही त्यांच्या डोक्यातलं नाही. त्यांच्या वाक्यात 'च' नाहीच मुळी. त्यांना काय हवंय तेच ठरवता येत नाहीये. अशा माणसाची समजूत दुरुस्त करायची नसते. आधी ती ऐकायची असते.

व्याख्यानाचं मोबाईलवरचं भावंड म्हणजे रील्स. माझ्या चुलतभावाची बायको रात्री साडेअकराला, सगळं आवरल्यावर, अंधारात झोपलेल्या मुलीच्या शेजारी ती बघते. 'मुलांशी ही पाच वाक्यं कधीही बोलू नका.' मी विचारलं, "वहिनी, बरं वाटतं का बघून?" ती म्हणाली, "बरा कसला? पाचातली चार सकाळीच बोललंय." तीस सेकंदांत चार गुन्हे सिद्ध होतात, आणि अल्गोरिदम लगेच पुढची पाच वाक्यं आणून देतो. ताण कमी करायला उघडलेलं ॲप ताण मोजून दाखवतं.

मराठीकडे शब्द आहे

गंमत अशी की याचं उत्तर मराठीने आधीच शोधलंय, पण दुसऱ्या खोलीत. स्किझोफ्रेनिया, पार्किन्सन्स अशा दीर्घ आजारांसाठी महाराष्ट्रात स्वमदत गट चालतात. त्या गटांत 'पेशंट' म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात. आणि त्याची काळजी घेणाऱ्या आई, बहीण, नवरा, मुलगा यांना 'शुभंकर' म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. काळजी घेणारा माणूसही एक स्वतंत्र माणूस आहे, तो थकतो, चिडतो, त्याला कधी कधी पळून जावंसं वाटतं, हे मान्य केल्यावरच असा शब्द तयार होतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) याच जगातून आला. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी त्या सिनेमामागे होते, आणि ते स्वतः वर्षानुवर्षं शुभंकर होते. सिनेमा अतुल कुलकर्णीच्या शेषचा आहे, पण तेवढाच सोनाली कुलकर्णीने केलेल्या बहिणीचाही आहे. भावावर जीव आणि भावाचा वैताग, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी असतात, आणि सिनेमा तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही.

शुभंकरांच्या गटात काय होतं? खुर्च्या गोल मांडतात. कुणी महिन्याभरात काय झालं ते सांगतो. दुसरा म्हणतो, आमच्याकडेही असंच झालं. तज्ज्ञ असलाच तर तो बहुतेक वेळ ऐकतो. 'मला काल त्याचा राग आला' हे वाक्य तिथे कबुलीजबाब ठरत नाही. पालक मेळाव्यात ते वाक्य उच्चारायची कुणाची हिंमत होईल?

म्हणजे मूल आजारी असेल तर आईबापांना मराठीत आधाराचा शब्द आहे. मूल ठणठणीत असेल, रोज शाळेत जात असेल, आठवीत, नववीत, दहावीत असेल, तर शब्द नाही, गोल मांडलेल्या खुर्च्याही नाहीत. त्यांच्यासाठी रांगेतल्या खुर्च्या आणि माईक.

एका वर्षानंतर

कुणी म्हणेल, गटात बसून बोलल्याने खरंच फरक पडतो का? मोजलेलं आहे. पालकांच्या गट-कार्यक्रमांमुळे पालकांच्या स्वतःच्या मनावर काय परिणाम होतो, यावर जेन बार्लो आणि सहकाऱ्यांचा कोक्रेन आढावा 2012 ला आला आणि 2014 ला सुधारला गेला. त्यात 48 अभ्यास एकत्र केले आहेत. कार्यक्रम संपल्यावर लगेच बघितलं तर नैराश्य, चिंता, ताण, राग, अपराधी भावना, सगळ्यांत सुधारणा दिसली. सहा महिन्यांनी फक्त ताण आणि आत्मविश्वास यांतली सुधारणा टिकली होती. एक वर्षानंतर कशातलीच टिकल्याचं दिसलं नाही.

हे वाचून दोन निष्कर्ष काढता येतात. एक, उपयोग नाही, सोडून द्या. दुसरा माझ्या धंद्यातला : कुठलंही सॉफ्टवेअर एकदा बसवलं आणि वर्षभर कुणी फिरकलंच नाही, तर ते बंदच पडणार. देखभाल हा कामाचाच भाग असतो. अनेक आठवडे चाललेल्या, नीट आखलेल्या गटांचा परिणाम जर वर्षात ओसरत असेल, तर डिसेंबरातल्या एका दीड तासाच्या व्याख्यानाकडून आपण नेमकी कसली अपेक्षा करतोय?

व्याख्यान वाईटच असतं असंही नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट 1940 च्या दशकात बीबीसी रेडिओवर आयांशी बोलायचा. रेडिओ म्हणजे एकतर्फी माध्यमाची हद्दच. तरीही त्याचं बोलणं आधार वाटायचं, कारण साध्या आया रोज जे करतात ते मोलाचं आहे, इथून तो सुरुवात करायचा. 'पुरेशी चांगली आई' ही त्याची कल्पना पुढे 1953 मध्ये आली. आई परिपूर्ण असायची गरज नाही. ती थोडी थोडी कमी पडते, त्यातूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. म्हणजे प्रश्न एकट्या माईकचा नाही. माईकमागचा माणूस समोरच्याला काय समजतो, याचाही आहे. 'तुम्ही कमी पडताय' आणि 'कमी पडणं चालतं' या दोन वाक्यांत दोन वेगळे कार्यक्रम आहेत.

कणकवलीत काय जमेल

ढाचा नव्याने उभारावा लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यांना आपण पोषण आहार, छप्पर आणि स्वच्छतागृहं यांच्यासाठी बोलावतो. बचत गट तर वाडीवाडीत आहेत. दहा-पंधरा बायका ठरलेल्या दिवशी, वक्त्याशिवाय, वर्षानुवर्षं भेटतात आणि पैशांसारख्या नाजूक विषयावर एकमेकींवर विश्वास ठेवतात. ज्यांची मुलं आठवी ते बारावीत आहेत अशा सात-आठ जणींनी हप्ता भरून झाल्यावर आणखी अर्धा तास बसायचं, एवढंच आधी करून बघता येईल. सल्ला द्यायचा नाही, तुलना करायची नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हे तीन नियम पुरेत. चार महिन्यांतून एकदा प्रशिक्षित समुपदेशक येऊन बसावा. त्यानेही ऐकावं, आणि कुणाला जास्त मदत लागतेय का ते ओळखावं.

यातली अडचण मला दिसते. तिसरा नियम इथे सर्वांत अवघड आहे. कणकवलीत सकाळी पटवर्धन चौकात बोललेलं दुपारी घरी पोचलेलं असतं. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे 'मला माझ्या मुलाचा राग येतो' असं म्हणणं महाग पडू शकतं. म्हणून सगळंच गटावर सोपवून चालणार नाही. 14416 हा टेलि-मानसचा मोफत नंबर 2022 पासून सुरू आहे, त्यावर नाव न सांगताही बोलता येतं. मेळाव्याच्या शेवटच्या स्लाइडवर सुविचाराऐवजी हा नंबर टाकायला काहीच खर्च नाही. मी माझ्यापुरती ती स्लाइड तयार केलीय आणि वक्त्यांना विचारून जोडतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

दुसरी अडचण बापांची. ते मुंबईत असतात, आणि गावात असले तरी मेळाव्याला मागच्या दाराशी उभे राहतात, बसत नाहीत. पण गणपतीत सगळे इथेच असतात, आणि रात्रीच्या भजनानंतर ओटीवर एकदोन तास गप्पा रंगतात. त्या गप्पांत पोरांच्या ॲडमिशनचा विषय निघतोच. निघाला की लगेच कुणीतरी कॉलेजची नावं सांगायला लागतो. त्या वेळी एखाद्याने नुसतं विचारावं, "तुका काय वाटता, पोरगो जाताहा तर?" आणि मग गप्प राहावं. त्याचं उत्तर यायला वेळ लागेल. तो द्यावा लागेल.